इतिहासकार अबू जाफर तबरी

आमच्या कित्येक वाचकांचे शेजारी मुसलमान आहेत. परंतु त्यांच्या धर्माच्या उदयाविषयी बोलणे निघाले म्हणजे ऐकीव गोष्टींचाच भरणा फार होतो. ज्यास त्या काळाची माहिती मुळातून पाहिजे, त्यास थोड्याच जुन्या अरबी ग्रंथांकडे जावे लागते. त्यांत तबरी यांच्या इतिहासाचे स्थान फार वरचे आहे. त्या ग्रंथकर्त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचे नाव अबू जाफर महंमद इब्न जरीर. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेस तबरिस्तान म्हणून प्रांत होता, त्यातील आमुल नगरी इ. स. 839 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. नक्की वर्ष त्यांचे त्यांसही सांगता येत नसे. कारण त्या मुलखातील लोक सालांची गणती न ठेवता घडलेल्या मोठ्या गोष्टींवरून काळ मोजीत. आपल्याकडील वडील माणसेही आपला जन्म दुष्काळाच्या किंवा पटकीच्या साली झाला असेच सांगत. पुढे साऱ्या घडामोडी सालवार लावून ठेवणाऱ्या पुरुषाची ही गोष्ट असावी, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

सातव्या वर्षी कुराण त्यांस मुखोद्गत होते. बाराव्या वर्षी विद्येसाठी त्यांनी घर सोडले. रै नगरात ते शिकत असता एक गुरू शहरात व दुसरा बाहेरच्या खेड्यात राही. तेव्हा एकाचा पाठ आटोपून दुसऱ्याचा गाठण्यासाठी हे विद्यार्थी वेड्यासारखे धावत सुटत. त्यानंतर बगदाद, बसरा, कूफा, शाम आणि मिसर देश येथे ते फिरले. एकदा वडिलांकडून येणारे पैसे लांबले, तेव्हा अंगरख्याच्या बाह्या विकून त्यांनी भाकरी घेतली. पुढे एका वजिराच्या मुलास ते शिकवू लागले. मुलगा लिहावयास शिकला, त्या आनंदात घरच्यांनी नाण्यांची तबके पुढे केली. परंतु ठरलेल्या वेतनापलीकडे काही घेण्यास ते कबूल झाले नाहीत, असे सांगतात.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. महंमद पैगंबर 632 साली वारले, म्हणजे तबरींच्या जन्मापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे. मधल्या काळात हकीकती पुष्कळशा तोंडोतोंडी चालत आल्या होत्या. पैगंबरांचे मोठे चरित्र इब्न इसहाक यांनी लिहिले. ते सुमारे 767 साली वारले. तो ग्रंथ मूळ रूपात आज उपलब्ध नाही. इब्न हिशाम यांनी त्यात काटछाट करून जो केला, तो आहे. तबरींस मात्र रै येथे तो ग्रंथ शिष्यपरंपरेने मिळाला होता, आणि इब्न हिशाम यांनी गाळलेले काही भाग तबरींच्या पानांत टिकले आहेत.

त्यांची रीत अशी. प्रत्येक हकीकतीपूर्वी ती कोणी कोणास सांगितली ती नावे क्रमाने द्यावयाची; आणि दोन हकीकती जुळत नसल्या तर दोन्ही लिहावयाच्या. पुरुषांत प्रथम विश्वास कोणी ठेवला, अलींनी, अबू बक्र यांनी की जैद यांनी? तिन्ही मते त्यांच्या ग्रंथात आहेत. वारले तेव्हा पैगंबरांचे वय काय होते, ह्याविषयीही तसेच. एखादी गोष्ट वाचकास विपरीत वाटली तर ती आपल्या पदरची नसून जशी पोहोचली तशी दिली आहे, असे ते प्रस्तावनेतच बजावतात. वाचणारा ह्याने थकतो खरा; निकाल कोणीतरी द्यावा असे त्यास वाटू लागते. शिवाय नावांची साखळी अखंड असली म्हणजे हकीकत खरीच ठरते असे नाही. पुष्कळ हकीकती मागाहूनच्या वादांतून उपजल्या, असे हंगेरीतील पंडित गोल्डझिहर (1850–1921) यांनी दाखविले. तथापि पारख करावयास साखळी लिहिलेली तरी पाहिजे, आणि ती तबरींनी पुसली नाही.

कुराणावर तीस हजार पानांची टीका लिहू काय, असे त्यांनी शिष्यांस विचारले, तेव्हा ती पुरी होण्याआधी आमचे आयुष्य सरेल असे शिष्य म्हणाले. मग त्यांनी ती तीन हजार पानांत आटोपली. इतिहासाच्या बाबतीतही तसेच घडले म्हणतात. तो जगाच्या उत्पत्तीपासून इ. स. 915 पर्यंत येतो. हॉलंडातील लायडन येथे 1879 ते 1901 ह्या काळात तो छापून निघाला, आणि 1985 पासून निघालेले त्याचे इंग्रजी भाषांतर चाळीस भागांचे आहे.

ते अविवाहित राहिले व न्यायाधीशाची जागा त्यांनी नाकारली. म्हातारपणी मात्र छळ आला. इमाम अहमद इब्न हंबल हे परंपरा जाणणारे थोर पुरुष खरे, पण धर्मशास्त्री नव्हेत, असे त्यांचे मत होते. त्यावरून इमामांचे अनुयायी खवळले. दारावर इतके धोंडे पडले की ढीग झाला, आणि कोतवालास शिपाई घेऊन यावे लागले. 

इ. स. 923 मध्ये बगदाद येथे ते वारले व राहत्या घरातच त्यांस पुरण्यात आले. शत्रूंच्या भयाने हे रात्री गुपचूप उरकले, असे एक वृत्त आहे. दुसरे असे की, मोजता येणार नाहीत इतके लोक जमले, आणि कित्येक महिने रात्रंदिवस त्यांच्या कबरेपाशी प्रार्थना चालू होती.