वेधशाळेतले केरो नाना

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या खेड्यात बाबांना सहीपुरते लिहिता येते, आईला तेवढेही येत नाही. दहावीनंतर मोठ्या हौसेने अकोल्याला सायन्सला नाव घातले. पण फोर्स, इनर्शिया, मॅग्नेटिक फील्ड हे शब्द डोक्यावरून जाऊ लागले आणि वर्षअखेर मी फिजिक्समध्ये नापास झालो. शास्त्र आपल्या कपाळी नाही, अशी मनाची समजूत घालून अमरावतीला आर्ट्सला आलो. अशा वेळी ग्रंथालयात केरो लक्ष्मण छत्रे यांची चरित्रकथा वाचनात आली, आणि ती समजूत डळमळली.

केरो नानांचा जन्म १८२५ च्या सुमारास अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. बालपणीच आईवडील गेले. पोरका केरो मुंबईला नातलगांच्या आश्रयाने एल्फिन्स्टनमध्ये शिकला. त्याची गणितातली गती पाहून प्राध्यापक आर्लिबार यांनी त्याला कुलाब्याच्या वेधशाळेत घेतले. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले.

काम कसले? हवामानाच्या आणि चुंबकसूचीच्या नोंदी ठेवण्याचे! टांगलेली चुंबकसूची उत्तर दाखवते, हे आपण शाळेत शिकतो. पण ती दिवसभर स्थिर नसते. एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातले काही थोडे भाग ती रोज इकडून तिकडे सरकते. सूर्याच्या प्रभावाने वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतप्रवाह वाहतात व ते सूचीला हलवतात, हे आज ठाऊक झाले आहे. त्या काळी मात्र ठरल्या वेळी, रात्री-अपरात्रीही, सूची पाहायची आणि जे दिसेल ते प्रामाणिकपणे लिहायचे, एवढेच हाती होते. शास्त्राचा पाया असा घातला जातो.

पुढे नाना पुण्यास अध्यापक झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. नानांचे शिक्षण त्यापूर्वीच आटोपले होते. तरीही ते कॉलेजात प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले. आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ज्यांचे निकटचे सहकारी, त्या लोकमान्य टिळकांचे हे गणिताचे गुरू!

मला सर्वांत जवळची वाटते ती त्यांची मराठी लेखणी. अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर त्यांनी मराठी शाळांसाठी पुस्तके लिहिली. हे वाचले आणि वाटले, इनर्शिया म्हणजे दुसरे काय? बैल एकदम थबकले की बंडीत बसलेला माणूस पुढे झुकतो, तेच ते जडत्व. ते तर मी लहानपणापासून अंगाने अनुभवत आलो होतो. ओळख तेवढी राहिली होती.

१८६० साली त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाले. जुन्या पंचांगातले गणित आणि आकाशातले प्रत्यक्ष ग्रह यांचा मेळ बसेना, तेव्हा नानांनी आकाश प्रमाण मानले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने त्यांनी शुद्ध गणिताचे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. रूढीला हात घालणे सोपे नव्हते. बहुतेक लोक जुन्याच पंचांगाला धरून राहिले. नाना १८८४ साली निवर्तले.

त्यांच्यामागून घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसूची विचलित होते, हे अर्स्टेड यांनी १८२० साली दाखवले होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणजे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, हे उघड होते. तेव्हा १९०४ साली चुंबकीय वेधशाळा उभारली गेली ती अलिबागला. नानांच्या नागावपासून हाकेच्या अंतरावर! आजही तेथे नोंदी चालू आहेत.

मी आर्ट्सचाच विद्यार्थी राहणार. पण यंदा मृगापासून एका वहीत गावच्या पावसाच्या नोंदी ठेवतो आहे. मी अमरावतीला असलो की बाबा तारखा ध्यानात ठेवतात आणि सुट्टीत गेलो की सांगतात. पंचांगातले नक्षत्राचे वाहन काय म्हणते आणि पाऊस प्रत्यक्षात किती आला, हे ताडून पाहण्याची उत्सुकता आता माझ्याहून त्यांनाच अधिक आहे.