५० वर्षांहून जुनं युनिक्स आजही कामाचं कसं? डेनिस रिची यांची गोष्ट

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्स गेले आणि जगभर हळहळ व्यक्त झाली. आठवड्याभरात, १२ ऑक्टोबरला, डेनिस रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

१९४१ मध्ये जन्मलेले रिची हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकले आणि १९६७ मध्ये बेल लॅब्समध्ये रुजू झाले. १९६९ मध्ये तिथे केन थॉम्पसन यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली, रिची त्यांच्या जोडीला होते. सुरुवातीला युनिक्स एकाच प्रकारच्या मशीनला बांधलेलं होतं. रिचींनी सी ही भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिलं गेलं. त्यामुळे ते इतर मशीनवर नेणं सोपं झालं. १९८३ मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग जुनी सर्व्हर सिस्टीम आज वापरावी का? अपडेट बंद झालेली आवृत्ती इंटरनेटला जोडणं धोक्याचंच, कारण त्यातल्या त्रुटी कोणी दुरुस्त करत नाही. पण युनिक्सची रचना टिकली. लिनक्स त्याच धर्तीवर लिहिलं गेलं, अँड्रॉइड लिनक्सवर उभं आहे आणि जॉब्स यांच्या मॅकची सिस्टीमही युनिक्सच्याच घराण्यातली आहे.