अल्-ख्वारिज्मी आणि वारशाचा हिशोब

संगणकशास्त्र हे गणित, अभियांत्रिकी की कारागिरी, हा वाद अंधेरीच्या सीप्झमध्ये नोकरी करणाऱ्या किंवा पवईच्या आय.आय.टी.त शिकणाऱ्या आपल्या मुलांना नवा नाही. ‘अल्गोरिदम’ हा शब्द ज्यांच्या नावाच्या लॅटिन रूपातून आला, त्या मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांना मात्र अशी वाटणी करण्याची गरज भासली नव्हती.

त्यांचा जन्म इ.स. ७८०च्या सुमाराचा. खलीफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) यांच्या काळात ते बगदादच्या बैतुल हिक्मतमध्ये कार्यरत होते. भारतीय अंकपद्धतीवरील त्यांचा मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकातील लॅटिन रूपांतरांतून युरोप ती पद्धत शिकला. त्यांनी खगोलीय कोष्टके रचली, भूगोलही लिहिला. परंतु खरी कीर्ती बीजगणिताच्या ग्रंथाची. त्यातील ‘जब्र’ म्हणजे उणीव भरून पूर्ववत करणे. मोडलेले हाड बसवणाऱ्यालाही अरबीत याच धातूवरून नाव आहे.

हा ग्रंथ त्यांनी व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई आणि वारसावाटप करणाऱ्यांसाठी लिहिला. त्याचा मोठा भाग वसीयत व वारशाच्या उदाहरणांनी व्यापला आहे. त्यांपैकी एक पाहा. एका स्त्रीच्या मागे पती, एक पुत्र व तीन कन्या आहेत. शिवाय तिने मालमत्तेचा एक अष्टमांश आणि एक सप्तमांश एका परक्या व्यक्तीस वसीयत केला आहे. मालमत्तेचे ११२० भाग केल्यास ३०० वसीयतीचे, २०५ पतीचे, २४६ पुत्राचे आणि प्रत्येक कन्येचे १२३. सूरह अन्-निसाने ठरवलेल्या हिश्शांना येथे केवळ अचूक अंक मिळाला आहे.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता हे गणित क्षणात मांडते. तिला घाबरण्याचे कारण नाही आणि तिच्यावर डोळे झाकून विसंबण्याचेही नाही. वारस कोण, कर्ज किती, वसीयत खरी की खोटी, हे तिला माणूसच सांगतो. घाटकोपर-मुलुंडमधील एखाद्या खोलीच्या कागदपत्रांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर आधीच सह्या घेतल्या असतील, तर यंत्रासमोर तीन कन्या येतच नाहीत. अल्-ख्वारिज्मी यांच्या उदाहरणात त्या तिघी पहिल्याच ओळीत मोजल्या आहेत.