फळ घ्यावे, त्याची गोष्ट तपासून घ्यावी

परदेशाहून आलेली बॅग उघडली की पुण्यातल्या कोणत्याही घरात चार माणसे भोवती जमतात. दुबईचे खजूर, तुर्कस्तानचे सुके अंजीर, थायलंडचे मँगोस्टीन, काकूंसाठी केशराची डबी. प्रत्येक वस्तूबरोबर तिची एक गोष्टही येते. हे खाल्ले की रक्त वाढते, या फळाच्या सालीने साखर उतरते, तिकडे डॉक्टरसुद्धा हेच घेतात. देणारा प्रेमाने सांगतो, घेणारा प्रेमाने ऐकतो. आठवडाभराने रोजची गोळी बाजूला राहिलेली असते आणि तिच्या जागी भेट आलेली भुकटी सुरू झालेली असते.

अशा भेटींचे काय करायचे, हा प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका डॉक्टरांपुढे रोज उभा राहत असे. त्यांचे नाव गार्सिया द ऑर्ता. पणजीत त्यांच्या नावाची बाग आहे, तिथे बाकावर बसून गेलेले पर्यटक बरेच असतील. पण या माणसाने काय केले, ते थोड्यांनाच ठाऊक असते.

ऑर्तांचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विदे या गावी झाला. आईवडील ज्यू. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तिथेही 1497 मध्ये सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. मुलाने स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला इथे वैद्यकाचे शिक्षण घेतले, गावी व्यवसाय केला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलेही. पण 1534 च्या मार्च महिन्यात ते मार्तिम आफोन्सो द सौझा या दर्यासारंगाचे खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढले आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरले. त्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

पहिली काही वर्षे आरमाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर फिरण्यात गेली. नंतर ते गोव्यात स्थिरावले. आज ज्याला जुने गोवे म्हणतात, ते तेव्हा आशियातले मोठे बंदर होते. होर्मुझहून घोडे येत, मलाक्काहून मसाले, चीनमधून रेशीम आणि औषधी मुळे. खलाशी, व्यापारी, अधिकारी जे जे पाहून येत, ते या डॉक्टरांना आणून दाखवत. ऑर्ता स्वतःही व्यापार करत. घराला बाग होती, तिच्यात औषधी झाडे लावलेली होती. परदेशच्या वस्तूंचा माग काढायला यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

घाटावरही त्यांचे येणेजाणे होते. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह हा त्यांचा रुग्ण आणि पुढे मित्र झाला. पुणे परगणा तेव्हा निजामशाहीतच होता. नगरच्या दरबारात अरबी-फारसी वैद्यकात मुरलेले हकीम होते. ऑर्ता त्यांच्याशी चर्चा करत, औषधांची अरबी नावे समजून घेत, कोणत्या मुळीला कुठे काय म्हणतात ते ताडून पाहत. गोव्यातल्या हिंदू वैद्यांकडूनही ते शिकले. युरोपात शिकलेल्या वैद्याने असे करणे तेव्हा फारसे प्रतिष्ठेचे नव्हते. तिकडच्या विद्यापीठांत डायॉस्कोरिडीझ आणि गेलन या प्राचीन ग्रीक आचार्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. गोव्यात आल्यावर ऑर्तांना या ग्रंथांचा धाक राहिला नाही, कारण ग्रंथात ज्या झाडाबद्दल तर्क केलेला होता ते झाड त्यांच्या दारात उभे होते.

चिंचेचेच पाहा. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटले. युरोपातल्या वैद्यांना वाळलेला गर तेवढा पाहायला मिळे, म्हणून नावावरून अनेकांनी ते ताडाच्या जातीचे फळ मानले. ऑर्तांनी झाड पाहिले होते, पाने पाहिली होती, शेंगा फोडल्या होत्या. त्यांनी लिहून ठेवले की या झाडाचा खजुराशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते, पण युरोपच्या औषधपेठेला ते कोणीतरी सांगणे गरजेचे होते.

1554 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्यांना मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिले. तिथल्या एका आंब्याच्या झाडाचे त्यांना फार कौतुक होते, कारण ते वर्षातून दोनदा फळ देई. मुंबईहून टोपलीभर आंबे गोव्याला येत आणि त्यातले काही गव्हर्नरला भेट म्हणून जात. आंब्याच्या चवीबरोबर भाजलेल्या कोयीचा जुलाबावर होणारा उपयोगही त्यांनी नोंदवला.

अशा नोंदींतून त्यांचे एकमेव मोठे पुस्तक तयार झाले. 10 एप्रिल 1563 रोजी ते गोव्यात छापून बाहेर पडले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती आणि पुस्तकात छपाईच्या चुकांची रेलचेल होती. विद्वानांची भाषा लॅटिन, पण हे पुस्तक साध्या पोर्तुगीजमध्ये होते. रचना संवादाची. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर प्रश्न विचारतो, ग्रंथांचे दाखले देतो, आणि घरचा यजमान ऑर्ता त्याला वस्तू हातात देऊन उत्तर देतो. मधूनच अंतोनिया ही मोलकरीण बागेतून फळे घेऊन येते. असे 50 हून अधिक संवाद आहेत. मिरी, दालचिनी, हिंग, भांग, अफू, धोतरा, चंदन, हळद, भिरंड म्हणजे कोकम, करंबळ, आंबा, अशी ती यादी आहे.

या पुस्तकाचे मोल त्याच्या पद्धतीत आहे. कोणती गोष्ट आपण स्वतः पाहिली, कोणती विश्वासू माणसाकडून ऐकली आणि कोणती नुसती वदंता आहे, हे ऑर्ता बऱ्याच ठिकाणी वेगवेगळे सांगतात. मलाक्काकडचे ड्युरियन आणि मँगोस्टीन त्यांनी तिकडे जाऊन आलेल्यांच्या तोंडून ऐकून लिहिले. मालदीवच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येणारा जोड नारळ, म्हणजे आपल्याकडचा दर्यायी नारळ, ही तर राजेरजवाड्यांनाच परवडणारी भेट होती. त्याचा गर कोणत्याही विषावर चालतो अशी ख्याती होती. ऑर्तांनी ती ख्याती नोंदवली आणि आपण स्वतः हा उपाय करून पाहिलेला नाही, हेही नोंदवले. हे नारळ मुळात सेशेल्स बेटांवरच्या झाडाचे आहेत, हे कळायला पुढची दोनशे वर्षे जावी लागली. विषबाधेवरचा त्याचा गुण कधीच सिद्ध झाला नाही.

चीनमधून आलेल्या चोपचीनीचे मूळही असेच गाजले होते. गोव्यात ते 1535 च्या सुमारास पोहोचले. फिरंगोपदंश म्हणजे सिफिलिसने तेव्हा जगभर थैमान घातले होते आणि पाऱ्याच्या धुरीने रोगी हैराण होत. त्यामानाने चोपचीनीचा काढा सौम्य. ऑर्तांनी त्याचा वापर केला, मात्रा आणि पथ्य लिहून ठेवले. त्याच शतकात भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’तही फिरंग रोग आणि चोपचीनी दोन्ही आले. आज आपण जाणतो की सिफिलिसचे जंतू मारते ते पेनिसिलिन, चोपचीनी नाही. तो रोग मधल्या काळात लक्षणे न दाखवता दबून राहतो, त्यामुळे काढ्याने बरे वाटल्याचा भास होणे स्वाभाविक होते.

म्हणजे ऑर्तांचेही चुकले. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असे ते समजत. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेलीची. इराणी बकऱ्यांच्या पोटात सापडणारे बेझोअर नावाचे खडे विषावर उतारा म्हणून सोन्याच्या भावाने विकले जात आणि नजराणा म्हणून दिले जात. त्यांवर ऑर्तांचा विश्वास होता. तपासण्याची सवय असलेला माणूसही आपल्या काळाच्या समजुतींतून पूर्ण सुटत नाही.

त्यांची सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र भेट आलेल्या वस्तूची नाही, गोव्यातच पाहिलेल्या रोगाची आहे. उलट्या, जुलाब, पोटऱ्यांत गोळे, थंडगार अंग, हाताला न लागणारी नाडी आणि काही तासांत मृत्यू. हा कॉलरा. इथले लोक त्याला मोडशी म्हणतात आणि पोर्तुगीजांनी त्याचे मोर्देशी केले, हेही त्यांनी सांगितले. युरोपीय वैद्याने केलेले आशियातल्या कॉलऱ्याचे हे पहिल्या तपशीलवार वर्णनांपैकी एक मानले जाते. इथले वैद्य रुग्णाला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देत, हे त्यांनी लिहून ठेवले. पेजेतून पाणी आणि पिठूळ पदार्थ मिळतो, आतड्यात त्या पिठाची साखर होते आणि ती मीठ-पाणी शोषून घ्यायला मदत करते. विसाव्या शतकात तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी तयार झाली ती याच तत्त्वावर.

हे सारे लिहिताना ऑर्तांच्या घरावर सावली होती. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, त्यांच्या बहिणींना 1547 मध्ये कैद केले होते. सुटका झाल्यावर 1549 मध्ये बहीण कातारिना नवऱ्यासह गोव्याला भावाच्या आश्रयाला आली. पण 1560 मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही येऊन पोहोचले. घरात जुना धर्म जपला जात असेल तर तो कोणाला दिसता कामा नये, ही दक्षता रोजची झाली. वनस्पतींबद्दल निर्भयपणे लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःबद्दल गप्प राहावे लागले.

1568 मध्ये ऑर्ता वारले. त्याच वर्षी कातारिनाला पकडण्यात आले. चौकशीत तिच्या तोंडून भावाचेही नाव वदवून घेतले गेले, आणि 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला जाळण्यात आले. 1580 च्या डिसेंबरमध्ये ऑर्तांची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. गोव्यात त्यांची खूण उरू नये, अशी ही व्यवस्था होती.

पुस्तक मात्र तोवर निसटले होते. कार्लुस क्लुसिउस हे फ्लँडर्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ 1564 मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासाला गेले होते. लिस्बनमध्ये त्यांच्या हाती गोव्यात छापलेली ही प्रत लागली. प्रवासातून घरी नेण्याजोगी यापेक्षा मोलाची वस्तू त्यांना दिसली नसावी. त्यांनी संवाद गाळून मजकुराचा सारांश लॅटिनमध्ये केला आणि 1567 मध्ये अँटवर्पहून प्रसिद्ध केला. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यातूनच युरोपच्या वैद्यांना आपली चिंच, आपला आंबा आणि आपली मोडशी यांची नीट ओळख झाली.

ऑर्तांची शिस्त आजही घरी आलेल्या बॅगेला लावता येते. त्यांच्या यादीतल्या करंबळाचेच पाहू. त्याचे पोर्तुगीज नाव ‘काराम्बोला’ हे आपल्याच शब्दावरून गेले. आता ते ‘स्टारफ्रूट’ होऊन परदेशी फळांच्या टोपलीतून परत येते. निरोगी माणसाला ते चालते. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला मात्र त्यातल्या विषारी घटकामुळे उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात, क्वचित जीवही जातो. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्यामुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढते. ऑर्तांना यातले काही कळणे शक्य नव्हते. आपल्याला कळते, म्हणून नेहमीची औषधे चालू असलेल्यांनी नवे फळ वा भुकटी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि आधीची गोळी मनाने थांबवू नये.

दुसरी काळजी फळाबरोबर लपून येणाऱ्या पाहुण्यांची. ताजी फळे, बिया, रोपे यांच्यातून फळमाशी, बुरशी, तणाचे बी देशात शिरते, म्हणून त्यांच्यासाठी परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. विमानतळावर ती न लपवता दाखवावीत. पुणेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गाजरगवताचा देशातला फैलाव पहिल्यांदा नोंदवला गेला तो 1955 मध्ये पुण्यातच, आणि ते आयात गव्हाबरोबर आले असे मानले जाते. त्याने होणारी त्वचेची खाज आणि दमा आजही दवाखान्यांत दिसतो. त्या गव्हाच्या पोत्यात आणखी काय आहे, हे तेव्हा कोणी पाहिले नव्हते.