झाशीची राणी : शौर्य आणि दया

राणी लक्ष्मीबाईंचे नाव घेतले की आपल्या कॅडेट्सच्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेला मुलगा उभा राहतो. इतिहासाच्या तासाला मी मुलांना त्यांची आणखी एक ओळख करून देतो.

मोरोपंत तांब्यांची ही मुलगी मणिकर्णिका. जन्म काशीचा, बालपण बिठूरला गेले. १८४२ साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाला. पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला, नोव्हेंबर १८५३ मध्ये पतीही गेले. दत्तक दामोदररावांचा हक्क नाकारून इंग्रजांनी १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. इतके सोसलेल्या माणसाचे मन कठोर झाले असते, तरी त्यात नवल नव्हते.

जून १८५७ मध्ये उठाव झाला आणि कारभार पुन्हा राणींच्या हाती आला. त्यानंतरच्या काळात वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत राहिले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात थंडीतला एक प्रसंग आहे. महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलेल्या राणींना वाटेत गोरगरिबांची गर्दी दिसली. त्यांनी चौकशी केली, तेव्हा ही माणसे थंडीने गारठली असल्याचे कळले. राणींनी तिथल्या तिथे हुकूम दिला. शिंपी कामाला लागले आणि थोड्याच दिवसांत प्रत्येकाला टोपी, बंडी आणि घोंगडी मिळाली.

लढाईत जखमी झालेल्या शिपायांची मलमपट्टी होत असताना राणी स्वतः जवळ उभ्या राहत, असेही गोडसे लिहितात. याच राणी बरवासागरला दरोडेखोरांचा उपद्रव वाढला तेव्हा फौज घेऊन जातीने गेल्या आणि त्यांचा बंदोबस्त केला. गरिबाला लुटणाऱ्याची गय करणे म्हणजे दया, असे त्यांनी मानले नाही.

एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली. शहरात झालेली कत्तल आणि लूट गोडशांनी डोळ्यांनी पाहिली. दोनच महिन्यांनी, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ लढताना राणींना वीरमरण आले.

कॅडेट्सनो, उद्या तुमच्या हाताखाली माणसे असतील. शिस्तीत सूट देणे म्हणजे दया, असा घोटाळा करू नका. थकलेल्या जवानाकडे आधी नीट पाहा, कारण विचारा आणि तुमच्या अधिकारात असेल ते त्याच दिवशी करा. सुरुवात आजही करता येईल. वसतिगृहात नुकताच आलेला, घरच्या आठवणीने रात्री जागा असलेला धाकटा कॅडेट तुमच्या शेजारच्याच खाटेवर असेल.