मुळाशी नांदणाऱ्या जिवांचा शोधक : मार्टिनस बायेरिंक

मृगाचा पाऊस झाला की महाराष्ट्रातील शेतकरी सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यास जिवाणू संवर्धन चोळतो. दहा किलो बियाण्यास साधारण २५० ग्रॅम संवर्धन, चिकटण्यापुरते गुळाचे पाणी, मग बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगोलग पेरायचे. रायझोबियम हे नाव त्याच्या तोंडी आहे. ज्वारी-बाजरीसाठी ॲझोटोबॅक्टर वापरावे हेही त्यास ठाऊक आहे. या दोन्ही जिवाणूंना प्रथम वेगळे काढणारा माणूस एकच होता, आणि तो नेदरलँड्समधील डेल्फ्ट या कालव्यांच्या गावी राहत होता, ही गोष्ट मात्र फारशी कुणास ठाऊक नसते.

मार्टिनस विलेम बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी पत्करावी लागली. शाळेचा खर्च पेलवेना, म्हणून धाकट्या मार्टिनसला वडिलांनी बारा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकवले. पुढे काकांच्या आर्थिक मदतीने तो डेल्फ्टच्या तंत्रशाळेत दाखल झाला. तेथे त्याचा स्नेह जडला याकोबस व्हान्ट हॉफ या विद्यार्थ्याशी. याच व्हान्ट हॉफ यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. बायेरिंक यांचा ओढा मात्र वनस्पतींकडे होता. झाडांवर येणाऱ्या गाठींचा अभ्यास करून त्यांनी १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या सुमारास ते वाखेनिंगेन येथील कृषिशाळेत शिकवू लागले होते.

शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांना प्रिय नव्हते. स्वभाव करडा, चूक सहन होत नसे, आणि विज्ञानाची सेवा व संसार एकत्र नांदत नाहीत अशी त्यांची ठाम समजूत होती. ते आजन्म अविवाहित राहिले. दोन अविवाहित बहिणींसह त्यांचे घर चाले. १८८५ मध्ये उद्योगपती व्हान मार्केन यांनी त्यांना डेल्फ्टच्या यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्यात जीवाणुतज्ज्ञ म्हणून नेमले. कारखान्याच्या त्या प्रयोगशाळेत, कारखान्याशी संबंध नसलेल्या एका प्रश्नाने त्यांना गाठले.

प्रश्न शेतकऱ्यांच्या जुन्याच अनुभवाचा होता. वाटाणा, घेवडा, हरभरा यांसारखी द्विदल पिके घेतल्यावर जमीन सुधारते. गहू-ओट घेतल्यावर ती थकते. एकाच मातीत वाढणारी ही पिके अन्न मिळवण्यात इतकी वेगळी का? १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल यांनी दाखवून दिले, की नत्र नसलेल्या वाळूत ओट खुरटते, पण वाटाणा तरारून वाढतो. तीच वाळू तापवून निर्जंतुक केली तर वाटाणाही खुरटतो. म्हणजे हवेतील नत्र वाटाण्यास मिळवून देणारे कोणीतरी मातीत राहत होते, आणि त्याचे घर मुळांवरील गाठींत होते. तो कोण, हे मात्र कोणी दाखवू शकले नव्हते.

बायेरिंक यांनी १८८८ मध्ये त्यास पकडले. गाठी वरून स्वच्छ करून त्यांनी चिरडल्या आणि शेंगावर्गीय वनस्पतींच्या पानांचा काढा घातलेल्या जिलेटिनवर त्यातील जिवाणू वाढवले. पुढे हेच जिवाणू निर्जंतुक मातीतील रोपांना देऊन त्यांनी गाठी पुन्हा निर्माण करून दाखवल्या. वनस्पतीच्या बाहेर, एकटा वाढवलेला हा जिवाणू मात्र हवेतील नत्र बांधताना त्यांना दिसला नाही. प्रयोगशाळेत ते साध्य व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. बायेरिंक यांनी जिवाणूला दिलेले नावही टिकले नाही. बर्लिनच्या फ्रँक यांनी १८८९ मध्ये सुचवलेले रायझोबियम हे नाव रूढ झाले.

१८९५ मध्ये डेल्फ्टच्या तंत्रशाळेत त्यांच्यासाठी प्राध्यापकपद निर्माण झाले. १८९८ मध्ये तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळूनही तो रोग पसरवतो हे पाहून त्यांनी या रोगाचे कारण जिवाणूहून वेगळे असल्याचे सांगितले. विषाणुशास्त्राचा आरंभ अनेकदा येथूनच मानला जातो. ज्या तंबाखूच्या व्यापारात वडिलांचे दिवाळे निघाले, त्याच तंबाखूने मुलास कीर्ती दिली.

शेतीच्या दृष्टीने मोठे काम १९०१ मध्ये झाले. जिवाणू शोधत बसण्याऐवजी त्यास हवी तशी परिस्थिती निर्माण करावी, म्हणजे मातीतील असंख्य जिवांतून तोच पुढे येतो, ही बायेरिंक यांची पद्धत होती. त्यांनी नळाच्या पाण्यात मॅनिटॉल ही साखरेसारखी वस्तू आणि थोडे पोटॅशियम फॉस्फेट विरघळवले. नत्राचा कोणताही क्षार घातला नाही. त्यात बागेतील चिमूटभर माती टाकली. काही दिवसांत पृष्ठभागावर साय धरली. हवेतील नत्रावर स्वतंत्रपणे जगणारा ॲझोटोबॅक्टर हाती आला होता.

या कृतीत एक बारीक गोष्ट दडली आहे. नत्र वगळता आला. स्फुरद वगळता आला नाही. नत्र हवेत अमाप आहे, स्फुरद हवेत नाही. तो प्रत्येक पिकाला मातीतूनच काढावा लागतो, आणि तो काढण्याची प्रत्येक पिकाची तऱ्हा निराळी असते. कांद्याची मुळे थोडी आणि तोकडी. म्हणून तो बुरशीच्या धाग्यांवर विसंबतो. ते धागे मुळांच्या आवाक्यापलीकडील स्फुरद आणून देतात. मका आणि ज्वारीही असाच संसार करतात. मोहरी व कोबी यांचे मात्र या बुरशीशी जमत नाही. त्यांना स्वतःच्या बारीक मुळांवर आणि मूळरोमांवर भिस्त ठेवावी लागते. हरभरा आणि तूर मुळांतून आम्ले सोडतात. तूर लोहाने बांधून ठेवलेला स्फुरदही सोडवून घेते, हे १९९० मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतील संशोधनातून पुढे आले. द्विदलांना ही धडपड करावीच लागते, कारण नत्र बांधणाऱ्या गाठींची स्फुरदाची भूक मोठी असते. स्फुरद कमी पडला तर बायेरिंक यांचा जिवाणू मुळाशी असूनही पुरेसे काम करू शकत नाही.

म्हणूनच आज संवर्धनात रायझोबियमच्या जोडीला स्फुरद विरघळवणारे जिवाणूही दिले जातात. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पिकासमोर असूनही त्यास दुर्मीळ होतो. उलट बायेरिंक यांच्या देशात गुराढोरांच्या शेणखतातून येणारा स्फुरद इतका झाला, की २०१८ पासून दुग्धव्यवसाय करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यावर त्याची कायदेशीर मर्यादा आहे. एका देशात तो अडकलेला, दुसऱ्यात उतू जाणारा. आणि दोन्हीकडे वाट मुळांजवळच्या जिवांना समजून घेतल्यावाचून सापडत नाही.

सत्तरी पूर्ण झाल्यावर १९२१ मध्ये नियमाप्रमाणे बायेरिंक निवृत्त झाले आणि खोर्सेल या खेड्यात बहिणींसह राहावयास गेले. डेल्फ्टची प्रयोगशाळा अल्बर्ट क्लायव्हर यांच्या हाती गेली आणि त्यांनी तिचा लौकिक वाढवला. १ जानेवारी १९३१ रोजी बायेरिंक यांचे निधन झाले. माणसांत ते कधी सहज रमले नाहीत. पीक मात्र मातीत कधीच एकटे वाढत नाही, हे जगास दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.