सेवेची सुरुवात खोलीपासून : साने गुरुजी

मित्रांनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे सेवाभावी मंडळांची काही कमी नाही. रोटरी आहे, लायन्स आहे, कॉलेजात एन.एस.एस. आहे. रक्तदान शिबिर होते, झाडे लावली जातात, सात दिवसांचा कॅम्प होतो, फोटो निघतात. हे सगळे चांगलेच आहे. पण आपल्याच कॉरिडॉरमध्ये एखादा मुलगा दोन दिवस तापाने फणफणलेला असतो आणि त्याने जेवण केले की नाही हे मेसवाल्यालाही ठाऊक नसते, तेव्हा आपण कुठे असतो? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच खान्देशात एका हॉस्टेलच्या रेक्टरने स्वतःच्या हाताने देऊन ठेवले आहे. ते रेक्टर म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी.

‘श्यामची आई’मुळे गुरुजी आपल्याला माहीत असतात ते एक रडवणारे लेखक म्हणून. पण खान्देशातले गुरुजी वेगळे होते. ते संघटक होते, आंदोलक होते आणि त्याच्याही आधी ते हॉस्टेलमधल्या मुलांचे सोबती होते.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोताचे, पण भाऊबंदकी आणि कर्जात सगळे गेले. दापोली, औंध, पुणे असे करत, कधी उपाशी राहून, कधी कोणाच्या तरी घरी जेवून त्यांनी शिक्षण केले. १९१७ साली आई गेली. परक्या गावात खोली घेऊन राहणे, खिशात पैसे नसणे, घरची वाईट बातमी येणे, हे सारे त्यांनी विद्यार्थीदशेतच भोगले होते. पुढे त्यांना मुलांचे दुःख न सांगता कळायचे, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

बी.ए. झाल्यावर ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान शिकायला. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. बोरी नदीच्या काठच्या या गिरणीच्या गावात देशभरातले अभ्यासक येत. गुरुजींचे मन मात्र चर्चेपेक्षा माणसांत जास्त रमले. १९२४ साली ते खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

आता रेक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? हजेरीचे रजिस्टर, नोटीस बोर्ड आणि दंड! गुरुजींची पद्धतच निराळी. मुले शाळेत गेली की ते खोल्यांतून फिरत. कुठे अंथरूण तसेच पडलेले असे, कुठे धोतराचा बोळा, कुठे कंदिलाची काच काळी झालेली. ते कोणाला बोलत नसत. स्वतः झाडू घेत, कपड्यांच्या घड्या करत, कंदील पुसून ठेवत, मळके कपडे धुवून वाळत घालत. मुले परत येऊन बघतात तर खोली आरशासारखी. दोन-चार वेळा असे झाले की मुलांनाच लाज वाटायची. मग ती आपणहून खोली आवरायला लागत. नियमाने जे झाले नसते ते असे झाले.

मूल आजारी पडले तर गुरुजी रात्र रात्र उशाशी बसत, त्याची घाण काढत. यात कुठे दिखावा नव्हता. दिखावा करायला तिथे बघणारे तरी कोण होते?

आणि एक गोष्ट आपल्या या मॅगझिनसाठी फार जवळची आहे. गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित चालवत. हो, दैनिक! जगातल्या घडामोडी, थोर माणसांची चरित्रे, हॉस्टेलातल्या गोष्टी, सगळे हाताने लिहिलेले. कॉपी-पेस्ट नव्हते की प्रिंटर नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. एका छताखाली राहणारी पोरे नुसती शेजारी न राहता एक गट कशी होतील, हाच त्यामागचा विचार दिसतो.

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. अटक झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट तामिळनाडूतला तिरुचिरापल्लीचा. तिथे वेगवेगळ्या भाषांचे राजबंदी एकत्र होते. गुरुजी तमिळ शिकले आणि पुढे तमिळमधल्या कुरल या ग्रंथाचे त्यांनी मराठी भाषांतर केले. एकाच देशातली माणसे एकमेकांची भाषा, गाणी, जेवण काहीच ओळखत नाहीत, ही खंत त्यांच्या मनात इथेच रुजली. त्यातूनच ‘आंतरभारती’ची कल्पना आली. आपल्या विंगमध्ये बाहेरच्या राज्यातला मुलगा येतो आणि चार वर्षांत आपण त्याच्याकडून त्याच्या भाषेतल्या शिव्या तेवढ्या शिकतो, त्याच्या घरी सण कोणते असतात हे मात्र विचारत नाही. गुरुजी असते तर त्यांनी नक्की विचारले असते.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळे तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलत गेले आणि गुरुजी भराभर लिहून घेत गेले. आज अनेक भाषांत वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोचली ती गुरुजींच्या लेखणीमुळे. दुसऱ्याचे शब्द जपण्यासाठी आपली लेखणी देणे, हीसुद्धा सेवाच नाही का? पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. एवढ्या लोकांची राहण्याची, पाण्याची, सफाईची सोय करायला माणसे लागणारच. गुरुजी गावोगाव पायपीट करून स्वयंसेवक आणि निधी जमवत फिरले. आपल्याकडे टेक-फेस्टला चाळीस व्हॉलंटिअर मिळवताना नाकी नऊ येतात, त्यावरून या कामाचा अंदाज करा!

पुढची काही वर्षे ते खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. पिके बुडाली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून मोर्चे काढले, अमळनेर आणि धुळ्याच्या कामगारांना संघटित केले. १९४१ मध्ये एस. एम. जोशी आणि सहकाऱ्यांनी राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी केली, तेव्हा त्या तरुणांना गुरुजींचा मोठा आधार होता. खेळ, गाणी, शाखा आणि श्रमदान. आधी एकत्र या, मग एकत्र काम करा, अशी ती रीत होती.

योगायोग बघा, रोटरीची जन्मकथाही अशीच आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाला मोठ्या शहरात एकटे वाटत होते. त्याने तिघांना सोबत घेऊन गप्पांची बैठक सुरू केली. समाजसेवा मागाहून आली, आणि पहिल्या कामांत होते सार्वजनिक स्वच्छतागृह. म्हणजे मैत्री आधी, बॅनर नंतर. शिकागो असो की अमळनेर, माणूस तोच.

गुरुजींच्या मैत्रीची कसोटी लागली ती पंढरपूरला. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला, सेवा दलाचे तरुण गाणी-पोवाडे घेऊन सोबत होते. अखेर १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. १० मेला ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. आपल्या गटाबाहेरच्या माणसालाही आपला म्हणायचे, हे त्यांच्या सेवेतले सगळ्यात अवघड पाऊल.

१९४८ च्या सुरुवातीला गांधीजींची हत्या झाली. गुरुजी आतून हलले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, जे आजही निघते. पण मनातली निराशा वाढतच गेली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

चरित्रे लिहिताना ही ओळ पुष्कळदा घाईने उरकली जाते. आपण हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी मात्र इथे थांबले पाहिजे. सगळ्यांचे अश्रू पुसणाऱ्या माणसालाही अंधार गाठू शकतो. त्यांचे काम थोर म्हणून तो शेवट थोर ठरत नाही, तो दुःखदच आहे. त्यांना जिवाभावाचे मित्र होते, तरीही हे घडले. म्हणून नेहमी हसणारा, सगळ्यांचे जर्नल पूर्ण करून देणारा, सगळ्यांची समजूत काढणारा जो मित्र असतो, त्याचीही विचारपूस करायची असते. आणि तो मित्र आपण स्वतः असलो, तर रूममेटशी, सरांशी, घरच्यांशी बोलायचे असते. मदत मागणे यात कमीपणा काही नाही. सोबत ही दोन्ही बाजूंनी असते, तेव्हाच ती सोबत.

तर मित्रांनो, सेवेसाठी क्लबचे सदस्य व्हा, कॅम्पला जा, रक्त द्या. पण आज रात्री मेसमधून परतताना, ज्या खोलीतला मुलगा जेवायला दिसला नाही, त्या खोलीचे दार एकदा वाजवा. अमळनेरच्या त्या रेक्टरने एवढेच केले होते, आणि रोज केले होते.